नाडी, दाब आणि पहाटेचा काकडा

"अगं, काही नाही झालं, नुसती भोवळ आली," आई सांगत होत्या. पण त्यांचा उजवा हात मनगटापाशी असा काही वाकला होता, की तो बघून माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली.

2023 च्या नोव्हेंबरातली ही गोष्ट. आमच्या बार्शीत, गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा असतो. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, त्या वेळी 78 वर्षांच्या होत्या. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्यांनी काकडा चुकवल्याचं मला आठवत नाही. पहाटे चारला उठायचं, चूळ भरायची, शाल गुंडाळायची आणि कुणाला न उठवता हळूच कडी काढून बाहेर पडायचं. त्या पहाटेही त्या तशाच उठल्या. पलंगापासून चार पावलं गेल्या आणि मधल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी कोसळल्या. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

मैत्रिणींनो, हा लेख लिहावा की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. कारण आई पडल्या त्यात माझाही हात होता.

आईंना दहा-बारा वर्षांपासून बीपी आहे. सकाळच्या दोन गोळ्या ठरलेल्या. घरात दंडाला पट्टा बांधायचं बॅटरीवरचं मशीन आहे. पडण्याच्या आधीच्या आठवड्यात एकदा त्या देवळातून आल्या, जिना चढून वर आल्या आणि मी आल्याआल्याच त्यांच्या हाताला पट्टा बांधला. हात खाली लोंबकळत होता आणि तोंडानं देवळातली हकिगत चालू होती. आकडा आला 172. दुसऱ्या दिवशीही तसंच घाईघाईत बघितलं, 168. माझ्या काळजात धस्स झालं. माझे वडील बीपी वाढूनच अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले होते, ते सगळं पुन्हा डोळ्यांसमोर आलं.

डॉक्टरांकडे जायला हवं होतं. पण शाळेत पेपर तपासायचे होते, दिवाळीचं फराळाचं सामान आणायचं होतं. म्हटलं, अर्धी गोळी जास्त दिली तर काय बिघडणार आहे? त्याच पाकिटातली अर्धी गोळी मी रात्री झोपताना देऊ लागले. चार रात्री दिली. पाचव्या पहाटे आई पडल्या.

आणि मी कोण? हायस्कुलात विज्ञान शिकवणारी बाई! रक्ताभिसरणाचा धडा वर्षानुवर्षं मुलींकडून घोकून घेणारी.

झोपून एकदा, उभं राहून एकदा

प्लास्टर घातल्यावर आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. अर्ध्या गोळीचं मी आधीच कबूल करून टाकलं. ते रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "वहिनी, तुम्हाला एक गंमत दाखवतो. आजी, जरा पडा बघू इथं."

आईंना पाच मिनिटं शांत झोपवून त्यांनी बीपी बघितलं. 146 आणि 78. नाडी 68. मग आईंना हळूच उभं केलं, मला धरायला सांगितलं आणि मिनिटभरानं पुन्हा बघितलं. 112 आणि 66! आई म्हणाल्या, "डोकं हलकं झाल्यासारखं वाटतंय हो डॉक्टर." नाडी होती 72.

मग त्यांनी मलाच टेबलावर झोपायला लावलं. मी तेव्हा 54 वर्षांची. झोपून 128 आणि 82, नाडी 76. उभं राहून 124 आणि 84, नाडी 90.

"आता बाई, गणित करा," डॉक्टर म्हणाले. "तुमचा दाब चारनं उतरला आणि तुमचं हृदय लगेच 14 ठोके जास्त देऊन मोकळं झालं. आजींचा दाब 34 नं उतरला आणि नाडी वाढली फक्त चारनं. दुखणं या दोन आकड्यांच्या मधे आहे."

आपण उभं राहतो तेव्हा साधारण अर्धा ते एक लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. पाणी उताराकडे जाणारच, तसं. त्या क्षणी डोक्याकडे जाणारं रक्त कमी पडू नये म्हणून शरीर दोन कामं करतं. हृदय जरा जलद चालवतं आणि रक्तवाहिन्या आवळून घेतं. हे इतकं पटकन होतं की आपल्याला पत्ताही लागत नाही. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला, तर डॉक्टर ते गंभीरपणे घेतात. आईंचे दोन्ही उतरले होते.

"मग गोळ्या बंदच करूया का?" मी घाबरून विचारलं.

"हीच दुसरी चूक," ते म्हणाले. वय झालंय, आता कशाला गोळ्या, असं पुष्कळ घरांत म्हणतात. पण 80 वर्षांवरच्या माणसांवर झालेला एक मोठा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचं नाव हायव्हेट. त्या वयातही बीपी आटोक्यात ठेवलं तर पक्षाघाताचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी होतं, असं त्यात दिसलं. म्हणून आईंच्या मूळच्या दोन गोळ्या तशाच राहिल्या. बंद झाली ती माझी अर्धी गोळी.

हृदय घड्याळासारखं चालत नाही

त्या दिवशी डॉक्टरांनी मला आणखी एक गोष्ट करायला लावली. तुम्हीही आत्ता करून बघा. डाव्या हाताच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला उजव्या हाताची दोन बोटं ठेवा. नाडी लागली की सावकाश मोठा श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. लक्ष दिलंत तर कळेल, श्वास घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना किंचित रेंगाळते.

शाळेत आपण शिकतो की हृदय मिनिटाला 72 ठोके देतं. मुलांना वाटतं, टिक टिक करत सारखे ठोके पडत असणार. पण तसं नसतं. नाडी मिनिटाला 60 असली तरी प्रत्येक दोन ठोक्यांमधे बरोबर एक सेकंद जात नाही. कधी थोडा कमी, कधी थोडा जास्त. ठोक्यांमधल्या अंतराच्या या कमीजास्तपणाला डॉक्टर हार्ट रेट व्हेरिएबिलिटी म्हणतात. थोडक्यात एचआरव्ही.

हा कमीजास्तपणा म्हणजे बिघाड नव्हे. मेंदूकडून हृदयाकडे व्हेगस नावाची एक नस येते. ती हृदयाचा ब्रेक आहे म्हणा ना. श्वास घेताना ब्रेक जरा सैल होतो, सोडताना पुन्हा लागतो. ब्रेक असा सतत हलका दाबला-सोडला जातोय, याचाच अर्थ तो गंजलेला नाही.

आणि हाच ब्रेक बीपीलाही सांभाळतो. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीत दाब ओळखणाऱ्या जागा आहेत. आपल्या गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो की नाही? पाणी वर आलं की बॉल वर उचलला जातो आणि नळ बंद होतो. पाणी उतरलं की नळ सुरू. तसंच हे. दाब वाढला की त्या जागा ताणल्या जातात, मेंदूला वर्दी जाते, ब्रेक लागतो. दाब उतरला की ब्रेक सुटतो, हृदय जलद होतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात.

शिक्षिका असल्यामुळे मला यातलं जुनं काही वाचायची हौस. इंग्लंडमधले स्टीफन हेल्स नावाचे एक धर्मगुरू होते. 1733 मध्ये छापलेल्या पुस्तकात त्यांनी एका घोडीच्या रक्तवाहिनीत नळी घालून दाब मोजल्याचं लिहिलं आहे. नळीतलं रक्त आठ फुटांहून वर चढलं होतं! श्वासाबरोबर दाब आणि नाडी दोन्ही हलतात, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणजे दाब, नाडी आणि श्वास या तिघांचं नातं माणसाच्या ध्यानात येऊन जवळजवळ तीनशे वर्षं झाली.

उन्हात पडलेली रबरी नळी

मग वय झाल्यावर बिघडतं काय?

अंगणातली बागेला पाणी घालायची रबरी नळी आठवा. नवी असते तेव्हा मऊ, लवचिक. चार उन्हाळे बाहेर पडून राहिली की कडक होते. वयाबरोबर मोठ्या रक्तवाहिन्यांचं तसंच होतं. नळी लवचिक असली की हृदयानं रक्त ढकलल्यावर ती जरा फुगते आणि जोर झेलते. कडक झाली की जोर झेलला जात नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसांचा वरचा आकडा चढतो आणि खालचा पुष्कळदा साधारण किंवा कमीच राहतो.

दुसरं असं, की दाब ओळखणाऱ्या जागा याच नळीच्या भिंतीत असतात. भिंतच ताणली जात नाही, तर वर्दी जाणार कशी? त्यात वयाबरोबर व्हेगसचा ब्रेकही मंदावतो. बॉलकॉक गंजला की टाकी कधी वाहून जाते, तर कधी कोरडी पडते. म्हणूनच बीपी जास्त असलेल्या माणसाचंच बीपी उठताना एकदम उतरू शकतं. "यांचं तर हाय बीपी आहे, यांना लो कसं होईल?" असं आपण म्हणतो ना, त्याचं उत्तर हे आहे. हाय आणि लो ही दोन माणसांची दोन दुखणी असायलाच हवीत असं नाही. एकाच गंजलेल्या बॉलकॉकची ती दोन रूपं असू शकतात.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. 1948 पासून तिथल्या माणसांच्या हृदयाची पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवली जाते. सुरुवातीला 5,209 जण त्यात होते. बीपीबद्दल आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंच या गावानं शिकवलं आहे. तिथल्या वयस्कर माणसांच्या ठोक्यांचा अभ्यास 1994 मध्ये छापून आला. ज्यांच्या ठोक्यांमधला कमीजास्तपणा कमी, त्यांच्यात पुढच्या काळात मृत्यूचा धोका जास्त दिसला. 1998 च्या अभ्यासात दिसलं, की बीपी असलेल्या पुरुषांमध्ये आणि बायकांमध्येही हा कमीजास्तपणा कमी असतो. आणि बीपी नसलेल्या ज्या पुरुषांमध्ये तो कमी होता, त्यांना पुढे बीपी होण्याचा संभव जास्त होता. बायकांमध्ये हा पुढचा संबंध तितका स्पष्ट दिसला नाही.

म्हणजे ब्रेक आधी ढिला होतो की बीपी आधी वाढतं, हे कोंबडी आधी की अंडं आधी अशातलं आहे. पण दोघं हातात हात घालून चालतात, एवढं नक्की.

मनगटावरचं घड्याळ

दिवाळीला आमचे चिरंजीव पुण्याहून आले. आजीच्या प्लास्टरकडे बघून रडवेले झाले आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःचं स्मार्ट घड्याळ काढून आजीच्या डाव्या मनगटावर बांधलं. रात्रभर घड्याळ ठोके मोजतं आणि सकाळी फोनवर एचआरव्हीचा आकडा दाखवतं. त्याचा स्वतःचा आकडा होता 62. आजीचा आला 19.

झालं! घरात सुतकी वातावरण. "आई, आजीचा आकडा फारच कमी आहे गं." आणि आई बिचाऱ्या विचारतात, "नापास झाले का रे मी?"

फोन केला तर डॉक्टर हसले. "नातवाचा आणि आजीचा आकडा शेजारी ठेवताय? मग दोघांची पळण्याची शर्यतही लावा." वयाबरोबर हा आकडा उतरतोच. शिवाय झोप नीट झाली नाही, ताप आला, दुखत असलं, तरीही तो खाली जातो. आईंचं तर हाड मोडलेलं, रात्रभर ठणकत होतं. मनगटावरचं घड्याळ उजेडाच्या साह्यानं नाडी टिपतं, तेव्हा त्यात चूकही होते. बघायचाच असेल तर ज्याचा त्यानं आपलाच आकडा महिनोन्‌महिने बघावा. आणि त्यावरून गोळ्या तर मुळीच ठरवू नयेत. हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्यासाठी दोनदा म्हटलं.

पण त्या घड्याळानं एक काम मात्र केलं. आमच्या शेजारच्या काकू, सत्तरी उलटलेल्या, रोज आईंना भेटायला यायच्या. घड्याळाची भलतीच मौज वाटली त्यांना. चार रात्री त्यांनी ते घातलं. आकडा आला 110, एकदा तर 130! चिरंजीव म्हणाले, "काकूआजी, तुमचं हृदय माझ्यापेक्षा तरुण!" काकूंनी सगळ्यांना बेसनाचे लाडू वाटले.

मी मात्र एव्हाना शहाणी झाले होते. डॉक्टरांना सहज म्हणून सांगितलं, तर ते हसले नाहीत. म्हणाले, "त्यांना आजच घेऊन या." त्यांनी काकूंच्या मनगटावर बोटं ठेवली आणि बराच वेळ ठेवली. मग मलाही ठेवायला सांगितली. माझ्या नाडीत श्वासाबरोबरची एक लय होती. काकूंच्या नाडीत लयच नव्हती. दोन ठोके लागोपाठ, मग थांबा, मग एक, मग तीन. ताल चुकलेल्या भजनी मंडळासारखं. ईसीजी काढला. एट्रियल फिब्रिलेशन निघालं.

या दुखण्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तिथं रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. वय आणि बीपी ही याची दोन मोठी कारणं. काकूंना काही म्हणजे काही त्रास होत नव्हता. "जरा दम लागतो, पण तो वयानं," एवढंच त्या म्हणायच्या. आता त्यांना रक्त पातळ राहायची गोळी चालू आहे.

तेव्हा लक्षात ठेवा. ठोक्यांमधला कमीजास्तपणा चांगला, पण तो श्वासाच्या लयीतला. पार बेताल नाडी ही चांगली खूण नाही, मग घड्याळ कितीही मोठा आकडा दाखवो. आणि अशा बेताल नाडीत घरचं बीपीचं मशीनही फसतं, म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये.

माळेचा श्वास

प्लास्टरच्या दिवसांत आईंना दुःख हाताचं नव्हतं. दुःख होतं काकडा हुकल्याचं आणि उजव्या हातानं माळ ओढता येत नाही त्याचं. डाव्या हातानं माळ ओढायला त्या तयार होईनात. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "आजी, माळ राहू द्या, जप तोंडानं करा. तो तुमच्या हृदयालाही चांगला."

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची समजूत काढताहेत. पण त्यांनी मला इटलीतल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला होता. 2001 मध्ये तो इंग्लंडमधल्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 23 निरोगी माणसांना त्यांनी ख्रिस्ती लोकांच्या जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्रही म्हणायला लावला. दोन्हींत एक गोष्ट सारखी घडली. म्हणणाऱ्यांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, ठोक्यांमधला लयीतला कमीजास्तपणा वाढला आणि दाब सांभाळणारा तो बॉलकॉक जास्त तरतरीत झाला. धर्म वेगळा, भाषा वेगळी, पण श्वास तोच.

अर्थात ती माणसं निरोगी होती आणि संख्येनं थोडी होती. जप म्हणजे गोळी नव्हे आणि जपानं कुणाची गोळी बंद होत नाही. पण संथ श्वासाला पैसा लागत नाही आणि सावकाश, न ताणता केला तर त्रासही होत नाही. सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटं बसून नाव घ्या किंवा नुसते संथ श्वास मोजा, ज्याची त्याची आवड. रोजचं बेताचं चालणंही या ब्रेकला मदत करतं. आई आता संध्याकाळी काकूंबरोबर देवळापर्यंत जाऊन येतात.

घरात आम्ही काय बदललं

आई का पडल्या याचा विचार करताना आणखीही गोष्टी सापडल्या. रात्री लघवीला उठावं लागू नये म्हणून आई संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नव्हत्या. किती घरांतल्या सासवा-आया हे करत असतील! अंगातलं पाणी कमी, वर माझी अर्धी गोळी, आणि पहाटे चारला गजर वाजल्यावर ताडकन उठणं. सगळं एका जागी जमलं. आता दिवसभरात थोडं थोडं पाणी त्या पितात. तुमच्या घरी कुणाला हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

भरपेट जेवणानंतरही वयस्कर माणसांचा दाब उतरतो, कारण रक्त पोटाकडे वळतं. लग्नात पंगतीतून उठताना एखाद्या आजोबांना भोवळ आली की आपण ती उन्हावर किंवा पित्तावर ढकलतो. कडक पाण्यानं अंघोळ, उन्हाळा, जुलाब यांनीही तेच होतं. पुरुषांना प्रोस्टेटसाठी देतात त्या काही गोळ्यांनीही उठताना दाब उतरू शकतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच बरोबर न्यावी. डोळ्यांच्या, झोपेच्या, सांध्यांच्या, सगळ्या.

आणि बीपी बघायची माझी रीत तर पारच बदलली. आता ही चौकट आमच्या फ्रिजवर चिकटवलेली आहे:

• चहा, तंबाखू, मिश्री, जिना चढणं, यानंतर निदान अर्धा तास बीपी बघायचं नाही. लघवीला जाऊन यायचं.

• पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पायावर पाय नको.

• पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला. बघताना बोलायचं नाही, बघणारीनंही नाही!

• एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा बघायचं. दोन्ही आकडे आणि नाडी वहीत लिहायची.

• वयस्कर माणसाचं अधूनमधून उभं राहिल्यावरही बघायचं, एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी. शेजारी कुणीतरी धरायला हवंच.

• महिन्यातून दोनदा मनगटावर बोटं ठेवून नाडीचा ताल बघायचा. बेताल वाटली तर ईसीजी.

• गोळी वाढवणं, कमी करणं, बंद करणं डॉक्टरांनीच. आकडा फार मोठा आला किंवा त्याबरोबर छातीत दुखणं, बोलणं अडखळणं, हात-पाय लुळा पडणं असं काही झालं, तर वही ठेवून द्यायची आणि तडक दवाखाना गाठायचा.

पुन्हा काकडा

प्लास्टर निघालं. हात जरा वाकडाच राहिला, पण भाकरी थापता येते, माळ ओढता येते. प्रश्न होता तो पुढच्या वर्षीच्या काकड्याचा. 2024 ची कोजागिरी जवळ आली तसं घरात दोन तट पडले. हे म्हणाले, "आता बास झालं आई, घरूनच हात जोड." मलाही भीती होतीच. आई काही बोलल्या नाहीत. गप्प बसून राहिल्या. त्यांचं ते गप्प बसणं मला बघवेना. पहाटेचं ते एक देऊळ सोडलं तर त्यांचं स्वतःचं असं दुसरं काय उरलं होतं?

मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. झोपून 142, उभं राहून 130. वही दाखवली. ते म्हणाले, "जाऊ द्या. फक्त उठताना घाई नको. जाग आल्यावर आधी पडल्या पडल्या पावलं हलवायची, खालीवर, वीस वेळा. मग काठावर पाय सोडून एक-दोन मिनिटं बसायचं. घोटभर पाणी. मग धरून उभं राहायचं, भोवळ नाही ना ते बघायचं आणि मगच पाऊल."

आईंना मिनिटाचा हिशोब कसा सांगायचा? अंधारात घड्याळ दिसत नाही. त्यांनीच तोड काढली. म्हणाल्या, "पाय सोडून बसते आणि सावकाश एकवीस वेळा विठ्ठलाचं नाव घेते. मग उठते."

कोजागिरीनंतरच्या पहाटे मला चारच्या आधीच जाग आली. आईंच्या खोलीत दिवा नव्हता. दारातून बघितलं तर पलंगाच्या काठावर त्या पाय सोडून बसल्या होत्या. ओठ हलत होते. मी मोजत राहिले. एकवीस झालं. त्यांनी भिंतीला हात लावला, उठल्या, क्षणभर थांबल्या आणि मला बघून म्हणाल्या,

"तू कशाला उठलीस गं? झोप जा. कडी मी लावून घेते."

मी झोपले नाही. चपला घातल्या आणि त्यांच्या मागोमाग निघाले.